मार्गारेट नावाची कुळकथा

आजचा विषय ऐकून काही घरांतून असा प्रश्न निघाला असेल की, रोह्याकडच्या एका निवृत्त शाळामास्तराने मार्गारेट या साहेबी नावाची उठाठेव का करावी? प्रश्न रास्त आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. ग्रीक भाषेचे एक अक्षरही मला येत नाही. जन्मभर मुलांची नावे हजेरीपटावर लिहिली आणि रोज सकाळी ती मोठ्याने वाचली, एवढाच काय तो नावांशी माझा संबंध. परंतु त्या शेकडो नावांपैकी एक नाव मी माझ्याच हेक्याने चुकीचे लिहिले, आणि त्यापायी एका लहान मुलीस आठ महिने आईवाचून राहावे लागले. ते नाव मार्गारेट. त्याचे मूळ आणि कूळ शोधण्याचा नाद मला तेव्हापासून लागला. कोशांचे व जाणत्या माणसांचे बोट धरून जे हाती आले, ते आज आपणांपुढे ठेवितो.

गोष्ट १९८३ च्या जून महिन्यातील. आमच्या कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. रोहे तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत मी नोकरीस होतो. पहिलीच्या वर्गात नाव घालण्यासाठी एक बेने इस्रायल गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आले. बरोबर मुलीची आजी होती. नऊवारी लुगडे नेसलेली, बोलणे अस्सल आमच्या भागाचे. मी मुलीचे नाव विचारले. बाप म्हणाला, "मार्गारेट." मी लेखणी थांबविली आणि म्हणालो, "हे झाले हौसेचे नाव. खरे नाव सांगा." बाप गोंधळला. आजी मात्र चटकन म्हणाली, "घरी आम्ही मोती म्हणतो, गुरुजी." मला तेवढे पुरे झाले. जनरल रजिस्टरात "मोती" असे टपोऱ्या अक्षरांत लिहून मी मोकळा झालो. एका परक्या नावाच्या ओझ्यातून मुलीची सुटका केली, असेच मला त्या वेळी वाटले.

चार वर्षांनी ते कुटुंब इस्रायलास जाण्यास निघाले. जन्माच्या दाखल्यावर मार्गारेट, शाळेच्या दाखल्यावर मोती. तेव्हा ही मुलगी एकच कशावरून, असा प्रश्न कचेरीत निघाला. रजिस्टरातील नोंद वरिष्ठांच्या मंजुरीवाचून बदलता येत नाही. अर्ज झाले, प्रतिज्ञापत्रे झाली, हेलपाटे झाले. आईबापांची व धाकट्या भावाची निघण्याची तारीख ठरून गेली होती. ती पुढे ढकलता येईना. अखेर ते तिघे पुढे गेले आणि मुलगी पेणला आत्याच्या घरी राहिली. त्या काळात मी एकदा तिला भेटावयास पेणला गेलो. ती रागावलेली नव्हती. "गुरुजी, माझे नाव बरोबर झाले का?" एवढेच तिने विचारले. मजजवळ उत्तर नव्हते. आठ महिन्यांनी कागद दुरुस्त होऊन आले आणि ती गेली.

आता ज्या नावास मी परके ठरविले, ते मुळात कोणाचे हे पाहू.

मार्गारेट हे नाव आपल्याकडे इंग्रजीतून आले. इंग्रजीत ते जुन्या फ्रेंच भाषेतून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून आणि लॅटिनमध्ये ग्रीक भाषेतून गेले. मूळचा ग्रीक शब्द आहे मार्गारितेस, आणि त्याचा अर्थ मोती! म्हणजे बापाने सांगितलेले नाव आणि आजीने सांगितलेले नाव ही दोन नावे नव्हतीच. एकाच नावाची ती दोन भाषांतील रूपे होती. मुलीचे नाव ठेविताना बापाने अर्थ विचारून घेतला होता आणि आजीने तो अर्थ आपल्या भाषेत घरात रुळविला होता. एक खरे व दुसरे खोटे, हा भेद काय तो माझ्या डोक्यात होता.

पण ग्रीकांजवळ तरी हा शब्द आला कोठून? होमरच्या महाकाव्यांत तो आढळत नाही. शिकंदराच्या स्वारीबरोबर ग्रीक लोक पूर्वेकडे आले, तेव्हापासून त्यांच्या ग्रंथांत मोत्याचा बोलबाला दिसू लागतो. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने पाषाणांविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला आहे. त्यात तो मार्गारितेस या रत्नाची नोंद करितो आणि ते हिंदुस्थानात व तांबड्या समुद्रातील काही बेटांत सापडते असे सांगतो. ग्रीकांच्या बोलण्यात तांबडा समुद्र म्हणजे आजचा अरबी समुद्र व इराणचे आखातही येत असे, हे येथे ध्यानात ठेविले पाहिजे.

वस्तू परदेशाहून आली की पुष्कळदा तिचे नावही तिच्या पाठीवर बसून येते. बटाटा व काजू हे पदार्थ पोर्तुगीजांनी आणिले आणि ते शब्दही त्यांचेच राहिले. ग्रीकांच्या बाबतीत मोत्याचे असेच झाले. बहुतेक पंडितांच्या मते त्यांनी हा शब्द इराणी भाषांतून उचलला. फारसीत मोत्यास मरवारीद म्हणतात. मध्य आशियातील जुन्या सोग्डी भाषेतही याच्या जवळचा शब्द होता. दुसरे एक मत असे की, या शब्दाचे नाते संस्कृतातील मंजरीशी जोडावे. मंजरी म्हणजे मोहोराचा तुरा हे आपणांस ठाऊक आहे. परंतु संस्कृत कोशकार त्या शब्दाचा मोती असाही एक अर्थ देतात. हे दुसरे मत आज मागे पडले आहे, आणि मंजरी नावाच्या मुलींनी त्यावर फार विसंबू नये. तथापि दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे: शब्द पूर्वेचा आहे. ज्यास आपण युरोपचे नाव म्हणतो, ते युरोपास पूर्वेने दिलेले देणे आहे.

हा शब्द ज्यांच्या तोंडी होता, त्या लोकांस आमची खाडीही ठाऊक होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने या समुद्रातील बंदरांचे वर्णन लिहून ठेविले आहे. पेरिप्लस या नावाने तो ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात कल्याणच्या पुढे दक्षिणेस सेमुल्ला हे बंदर येते. सेमुल्ला म्हणजे आपले चौल. रोह्यावरून वाहत जाणारी कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, तेथेच चौल व रेवदंडा आहेत. त्यापुढचे मंदगोरा हे बंदर म्हणजे तळ्याजवळचे मांदाड, असे काही विद्वान मानितात. याच ग्रंथात मलबार किनाऱ्यावरून बाहेर जाणाऱ्या मालाची यादी आहे, आणि तीत उत्तम प्रतीचे व मुबलक मोती सांगितलेले आहेत. तेथे वापरलेला शब्द मार्गारितेस हाच आहे.

असो. शब्द लॅटिनमध्ये गेला तेव्हा त्याचे मार्गारिता झाले. बायबलाच्या नव्या करारात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, एका व्यापाऱ्याचा दृष्टान्त आहे. मौल्यवान असे एक मोती दिसताच त्याने आपले सर्वस्व विकून ते विकत घेतले. मूळ ग्रीक ग्रंथात तेथेही हाच शब्द आहे. अशा रीतीने शब्दास धर्माचे तेज चढले आणि तो मुलींचे नाव होण्यास योग्य ठरला.

परंतु नावाचा खरा प्रसार झाला तो एका संतस्त्रीमुळे. अँटिओक शहरची मार्गारेट ही ख्रिस्ती कथांतील एक कुमारिका. तिला तुरुंगात टाकिले असता एका अक्राळविक्राळ सर्पाने गिळले, आणि तिच्या हातातील क्रुसामुळे त्याचे पोट फाटून ती सुखरूप बाहेर आली, अशी आख्यायिका आहे. पोटातून सुखरूप बाहेर येणे, यावरून युरोपातील बायका तिला बाळंतिणीची पाठीराखी मानू लागल्या. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत सटवाईची जी जागा, तशीच काहीशी तिची जागा होती. ज्या काळी बाळंतपण म्हणजे मरणाशी गाठ असे, त्या काळी घरोघर तिचे नाव मुलींस ठेविले गेले, यात नवल नाही. पूर्वेकडील ख्रिस्ती संप्रदायात मात्र हिच संतस्त्री मरीना या नावाने पूजिली जाते.

स्कॉटलंडात या नावास आणखी एक आधार मिळाला. तिसरा माल्कम या राजाची राणी मार्गारेट ही मोठी धर्मशील म्हणून गाजली. ती १०९३ साली निवर्तली आणि १२५० साली रोमच्या धर्मपीठाने तिला संतपद दिले. तेव्हापासून स्कॉटिश घराण्यांत मार्गारेट हे नाव फार झाले. पुढे आपल्या कोकणात हे नाव आले ते याच वाटेने. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आता नावाच्या रूपांतरांकडे वळू. येथे मौज आहे, आणि ती समजण्यास आपल्या मराठी घरांचीच रीत उपयोगी पडते. आपल्याकडे भागीरथीची भागू होते, सरस्वतीची सरू होते, रुक्मिणीची रखमा होते. चंद्रभागेच्या नावाचे तर दोन तुकडे पडतात. कोणी डोके धरून चंद्रा म्हणतात, कोणी शेपूट धरून भागा म्हणतात. मार्गारेटचेही नेमके असेच झाले आहे.

प्रथम पूर्ण रूपे घेऊ. फ्रेंच लोक मार्गरीत म्हणतात, इटालियन मार्गेरिता, स्पॅनिश व रशियन मार्गारिता. पोर्तुगीजांनी शेवटच्या त चा द करून मार्गारीदा केले. संस्कृत घोटकाचा मराठीत घोडा झाला, तेथेही कठोर वर्ण असाच मृदू झालेला आहे. जर्मनीत मार्गारेते, डेन्मार्कात मार्ग्रेथे, हंगेरीत मार्गित, चेक लोकांत मार्केता. पोलंडात तर ते मावगोझाता असे काही झाले आहे की, मूळ शब्द ओळखू येणे कठीण.

आता डोके धरलेली रूपे. मार्गो, मॅगी, मेग, मॅज ही सर्व मार्गारेटची लाडकी नावे. वेल्स प्रांतात मेग पासून मेगन झाले. आपल्या मेघनेशी त्याचा काही संबंध नाही. कानास सारखे लागले म्हणून शब्द सोयरे ठरत नाहीत. पेगी हे नावही मार्गारेटचेच, हे प्रथम वाचले तेव्हा मला खरे वाटेना. पण जुन्या इंग्रजांस लाडक्या नावाचे पहिले अक्षर बदलण्याची खोड होती. मेरीची मॉली झाली आणि मॉलीची पॉली झाली; तशीच मेगची पेग झाली आणि पेगची पेगी.

शेपूट धरलेली रूपे म्हणजे ग्रेटा, ग्रेटे, ग्रेचेन आणि रीटा. ग्रेचेन हे जर्मन रूप गटे कवीच्या फाउस्ट नाटकामुळे जगभर झाले. रीटा हे मार्गारिता शब्दाचे शेवटचे दोन वर्ण होत. आपल्या शहरांतून रीटा नावाच्या मुली पुष्कळ आहेत. त्यांच्या नावाचा ऋत या वैदिक शब्दाशी संबंध जोडण्याचा मोह काही पालकांस होतो. ऋता हे नाव स्वतंत्रपणे सुंदर आहे. पण रीटा ही त्या कुळातील नव्हे, ती मोत्याच्या कुळातील आहे, आणि त्यात कमीपणा कसला?

सर्वांत चमत्कारिक रूप आहे डेझी. या शब्दात मार्गारेटचे एकही अक्षर नाही. पण फ्रेंच भाषेत मार्गरीत हे एका पांढऱ्या पाकळ्यांच्या रानफुलाचेही नाव आहे, आणि त्या फुलास इंग्रजीत डेझी म्हणतात. म्हणून मार्गारेट नावाच्या मुलीस घरात लाडाने डेझी म्हणण्याची चाल पडली. डेन्मार्कची राणी दुसरी मार्ग्रेथे हिने २०२४ साली राजपद सोडिले. तिला घरची माणसे डेझी या नावाने हाक मारीत. मुंबईच्या पारशी व बेने इस्रायल घरांतून डेझी हे नाव कितीतरी ऐकू येई. मोत्याचे फूल झाले ते असे.

आता पश्चिमेचा नाद सोडून या शब्दाची पूर्वेकडची शाखा पाहू. ती आपल्या अधिक जवळची आहे. ग्रीकांकडून हा शब्द अरामी भाषेत गेला. अरबी भाषेतील मरजान हा शब्द त्याच वळणाने आला, असे बहुतेक कोशकार मानितात. मरजान म्हणजे बारीक मोती किंवा पोवळे. अलिबाबाच्या गोष्टीतील ती हुशार दासी आपणांस आठवते ना? चोरांच्या कावा ओळखून धन्याचा जीव वाचविणारी मर्जिना! तिचे नाव या मरजान शब्दावरूनच पडले आहे. लहानपणी जिची गोष्ट ऐकून आपण टाळ्या वाजविल्या, ती मर्जिना ही मार्गारेटची चुलत बहीण निघाली.

हिब्रू भाषेतही हा शब्द आला आणि तेथे त्याचे मार्गालित झाले. एका शब्दात दोन र जवळ जवळ आले की जिभेस अडखळल्यासारखे होते. म्हणून दुसऱ्या र चा ल झाला. आपल्यास हे नवे नाही. संस्कृत हरिद्रेची मराठीत हळद झाली आणि चत्वारिंशत् चे चाळीस झाले, तेव्हा र चा ळ झालाच. यहुदी लोकांत मार्गालित हे मुलीचे नाव म्हणून चालते. 

आता हे नाव आमच्या किनाऱ्यावर कसे उतरले ते सांगतो. पहिली खेप पोर्तुगीजांची. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोर कोर्लईचा किल्ला आहे. तो १७४० साली मराठ्यांच्या हाती आला आणि पोर्तुगीजांची सत्ता तेथून उठली. परंतु किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती वस्ती आजही घरात पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणाने बनलेली बोली बोलते. त्या राज्यात या नावाचे रूप मार्गारीदा हे होते.

दुसरी खेप स्कॉटिश मिशनऱ्यांची. १८२९ साली जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट हे मुंबईस आले. मराठी शिकण्यासाठी ते काही काळ कोकणात हर्णै व बाणकोट येथे राहिले. बाणकोट हे सावित्रीच्या मुखावर, आमच्या जिल्ह्याच्या अगदी शिवेवर आहे. मार्गारेटबाई नुसत्या पाद्र्याची पत्नी म्हणून बसून राहिल्या नाहीत. त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढिल्या, त्याही मराठी भाषेच्या. त्या काळी मुलीस अक्षर शिकविले तर ती विधवा होते, अशी समजूत भल्या भल्या घरांत होती. १८३५ साली विल्सनबाईंचा मुंबईतच अंत झाला. त्यांच्या बहिणींनी पुढे येऊन हे काम चालविले. गावदेवीची सेंट कोलंबा ही मुलींची शाळा १८३२ पासूनची आपली परंपरा याच बाईंपर्यंत नेते. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून लिहिले, ते मुख्यतः आमच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल लोकांसाठी.

येथे बेने इस्रायल लोकांच्या नावांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हे लोक शतकानुशतके आमच्या अष्टागर, पेण, रोहे या भागांत राहिले; तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. आडनावे गावांवरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. पुरुषांची नावे हिब्रू, पण मराठी अंगरखा घातलेली. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली ज्यांनी बांधिले, त्यांचे नाव शमुएल यहेज्केल दिवेकर; पण लोकांत ते सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. शमुएलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी! बायकांची नावे तर पुष्कळदा शेजारच्या मराठी घरांतील बायकांसारखीच असत. इंग्रजी शाळा आल्या, मुंबईची नोकरी आली, आणि मग मुलींस फ्लोरा, डेझी, मार्गारेट अशी नावे पडू लागली. तेव्हा आमच्या शाळेत आलेल्या त्या मुलीच्या घरी दोन्ही चाली एकत्र नांदत होत्या. आजीने जुन्या चालीने मोती म्हटले, बापाने नव्या चालीने मार्गारेट म्हटले. सामाजी व शमुएल ही जशी एकाच माणसाची नावे, तसाच हा प्रकार होता. रजिस्टरात मात्र एकाच नावापुरता रकाना असतो.

मार्गारेट नावाच्या आणखी दोन बाईंचे स्मरण येथे करावेसे वाटते. आयर्लंडात १८६७ साली जन्मलेली मार्गारेट नोबल १८९८ साली कलकत्त्यास आली. स्वामी विवेकानंदांनी त्याच वर्षी तिला निवेदिता हे नाव दिले, आणि त्याच वर्षी तिने बागबाजारात मुलींची शाळा काढिली. दुसरी मार्गारेट कझिन्स, हीही आयर्लंडचीच. तिच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास भरले. स्त्रियांच्या शिक्षणाची सुधारणा हाच त्या अधिवेशनाचा मुख्य हेतू होता. तीन मार्गारेट आल्या आणि तिघींनीही मुलींच्या शिक्षणास हात घातला. नावाच्या अंगी असा काही गुण असतो, असे मी म्हणत नाही. पण ज्या शाळेत मी मार्गारेट हे नाव लिहिण्यास नकार दिला, तेथवर मुली येऊन बसाव्यात यासाठी त्या नावाच्या बायका झिजल्या होत्या, ही गोष्ट मला ठाऊक असती तर बरे झाले असते.

आणि आपल्याकडे मोत्याचे नाव काय? मोतीबाई हे नाव जुन्या पिढीत होते. त्याहून जुने नाव मुक्ता. मुक्त म्हणजे सुटलेली, हा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु संस्कृतात मुक्ता म्हणजे मोती असाही अर्थ आहे. शिंपल्यातून सुटून निघते ते मोती, अशी त्याची फोड करितात. ज्ञानदेवांच्या बहिणीचे नाव मुक्ताबाई. जोतीराव फुल्यांच्या शाळेतील एका मातंग मुलीचे नावही मुक्ता; महारमांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदय पत्रात छापून आला. तेव्हा मुक्ता, मोती, मार्गारेट, मर्जिना, मार्गालित, रीटा या सर्वजणी अर्थाने एकाच घरच्या आहेत. कोणती स्वकीय आणि कोणती परकीय, हे ठरविण्यास बसलो तर रेघ कोठे ओढावी हे मला तरी सांगता येणार नाही.

श्रोतेहो, वेळ संपत आला. त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून आटोपतो. काही वर्षांपूर्वी मला इस्रायलातून एक पत्र आले. पत्र मराठीत होते; अक्षर मी गिरवून घेतलेल्या वळणाचेच, थोडे थरथरीत झालेले. खाली सही होती "मार्गालित". तिने लिहिले होते की, तेथे पोहोचल्यावर कचेरीतील बाईने तिला नावाचा अर्थ विचारला. तिने मोती असे सांगितले. त्या बाईने हसून मार्गालित असे लिहिले. मात्र ते लिहिण्यापूर्वी तिने विचारले, "असे लिहिले तर चालेल ना तुला?" पत्रात या वाक्याखाली रेघ ओढलेली होती. माझ्यासाठीच ती ओढली होती, हे मला समजले.

मी उत्तर लिहिले आणि चुकीची क्षमा मागितली. तिने उलट टपाली कळविले की, तिन्ही नावे तिचीच आहेत. आजी वारली तरी आत्या अजून पत्रात मोती म्हणून लिहिते आणि ते वाचून बरे वाटते. पण शाळेत हजेरी घेताना मोती म्हणून पुकारा झाला की पहिले काही महिने तिला आपणांस हाक मारली असे वाटतच नसे. ते घरातले नाव होते, ते बाहेर कसे आले याची लाज वाटे. पस्तीस वर्षे मी हजेरी घेतली, पण समोर बसलेल्या मुलास आपले नाव ऐकून काय वाटत असेल, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

माझ्या शिक्षकबंधूंस व कचेऱ्यांतून नावे लिहिणाऱ्या मंडळींस एवढीच विनंती आहे की, जे नाव पुढ्यात येईल ते सांगणाऱ्याच्या तोंडून दोनदा ऐकावे, लिहून त्यास वाचून दाखवावे, आणि मगच शाई वाळू द्यावी. आणि पालकांस विनंती अशी की, मुलीस नाव ठेवाल ते कोणत्याही भाषेचे ठेवा, पण त्याचा अर्थ व त्याची हकीकत तिला सांगून ठेवा. पुढे कोणी "खरे नाव सांग" असे दरडावले तर तिला उत्तर देता आले पाहिजे.

त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात ती नोंद अजून असेल. "मोती" या शब्दावर तांबड्या शाईची आडवी रेघ, वर "मार्गारेट", बाजूस मंजुरीचा क्रमांक व तारीख. एका शब्दावर रेघ मारून त्याच अर्थाचा दुसरा शब्द लिहिण्यास आम्हांस आठ महिने लागले.